माइकवर सांगायचं नव्हतं

भास्कर, तुझ्या शोकसभेत माइक धड चालत नव्हता. तू असतास तर आधी जाऊन वायर हलवली असतीस, "हॅलो हॅलो" न करता बोटाने नुसतं टकटक केलं असतंस, आणि मग इतक्या हळू सुरुवात केली असतीस की मागे उभे असलेले लोक आपसूक पुढे सरकले असते. आम्हाला कोणाला ते सुचलं नाही. माजी सरपंच बोलले, सोसायटीचे अध्यक्ष बोलले, दोघांनीही तुला "वडनेर भोलजीचा सुपुत्र" म्हटलं, आणि माइक मधे मधे खरखरत राहिला. सुपुत्र शब्दावर तू माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या असत्यास. मी सवयीने तू बसायचास त्या बाजूला पाहिलंही.

आपल्याकडे चितेला अग्नी दिला की लोक लगेच घरी जात नाहीत. तिथेच टिनाच्या शेडखाली बसतात आणि गेलेल्या माणसाबद्दल चार जण बोलतात. पुण्याच्या माझ्या नणंदेला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ती म्हणाली, "स्मशानात भाषणं? काहीतरीच!" तिला काय सांगू? तुझं निम्मं आयुष्य त्या शेडखाली गेलं. आसपासच्या कोणत्याही गावात कोणी वारलं की तू खत-बियाण्यांचं दुकान तुझ्या चुलतभावाच्या, नारायणच्या हवाली करायचास आणि मोटरसायकलला किक मारायचास. आधी घरी जाऊन, बायाबापड्या रडत असताना, कर्त्या माणसाला बाजूला घेऊन डोळ्यांचं विचारायचास. घरचे हो म्हणाले तर नेत्रपेढीला फोन. आणि संध्याकाळी स्मशानात शेवटचा वक्ता तू. तुझं झालं की मगच लोक कपडे झटकून उठायचे.

या वेळी शेवटी कोण बोलणार? सगळे माझ्याकडे पाहायला लागले. तुमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. आमच्यात जातात, म्हणून मी गेले होते, आणि मास्तरीणबाई म्हणून मला कोणी काही म्हटलंही नाही. मी तिथे काय बोलले आणि काय बोलले नाही ते सांगायलाच हे लिहितेय. पण त्याआधी आपलं जुनं भांडण सांगावं लागेल, नाहीतर वाचणाऱ्याला काही कळायचं नाही. तुला कळेल, तुझा प्रश्न नाही.

खामगावच्या कॉलेजात आपण वादविवादाची जोडी होतो. आताच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं. एका कॉलेजचे दोघं जायचे, एकाने विषयाच्या बाजूने बोलायचं, दुसऱ्याने विरुद्ध, आणि फिरता करंडक मात्र दोघांच्या गुणांची बेरीज करून. म्हणजे मी व्यासपीठावर तुझा शब्दन् शब्द खोडायचा आणि खाली बसल्यावर तुला चांगले गुण पडावेत म्हणून देव पाण्यात घालून बसायचं. आमच्या घरी देव नव्हते, तरी बसायचे मी. तू कायम अनुकूल, मी कायम प्रतिकूल. आपले सर म्हणायचे, सुजाताला तयारी करावी लागत नाही, तिचा स्वभावच प्रतिकूल आहे.

तुझ्या युक्त्या मला पाठ होत्या. समोरच्याचा मुद्दा तो मांडायच्या आधीच तू आपल्या तोंडाने मांडायचास, आणि इतक्या प्रेमाने मांडायचास की माझ्याकडे बोलायला काही उरायचं नाही. सुरुवात पुस्तकी मराठीत, अगदी परीक्षकांना शोभेल अशी, आणि ऐन मोक्याच्या वाक्याला खाली उतरून वऱ्हाडीत यायचास. "मायबाप हो, हे मले पटून नाही राह्यलं," म्हटलंस की सभागृह तुझं. आणि सगळ्यात लबाड म्हणजे ते शब्द विसरणं. बोलता बोलता अडखळायचास, कपाळावर हात मारायचास, "काय म्हणतात बरं त्याला..." आणि पुढच्या रांगेतलं कोणीतरी शब्द पुरवायचं. ज्याने शब्द पुरवला तो तुझा झाला. स्वतःचाच शब्द कोण खोटा ठरवतो? हे तू मला एसटीत, शेवटच्या बाकावर, शेंगा खाता खाता समजावून सांगितलं होतंस. मी तेव्हा तुला फसव्या म्हटलं, आणि नंतर आयुष्यभर माझ्या वर्गात तीच युक्ती वापरली.

पण तुझं खरं हत्यार तुझी आजी. विषय दुष्काळाचा असला की ती पाण्यावाचून मरायची. विषय अंधश्रद्धेचा असला की मांत्रिकाच्या हातून. मलकापूरच्या स्पर्धेत तर रस्ता नाही म्हणून बैलगाडीतच गेली बिचारी, आणि परीक्षक बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. आणि खरी आजी, अगदी ठणठणीत, बक्षीस समारंभाला कॉलेजात हजर! कानाला पदर, हातात लाडवांचा डबा. सरांनी मला खांबाआड ओढलं आणि विचारलं, "ही यातली कोणती?"

मी तुला म्हटलं होतं, असला करंडक मला नको. तर म्हणतोस, "अवं, आजी माही हाये. मी मारीन नाहीतं जगवीन. लोकाइचं काय जाते त्याच्यात?" मी बोलणं टाकलं तेव्हा कुठे तू आजीला मारायचं थांबवलंस. "आता फक्त खरं," असं कबूल केलंस. मला केवढा विजय वाटला होता तो! खोट्या आजीने कोणाचं काही बिघडवलं नव्हतं हे मला पुढे कळलं.

डोळ्यांकडे तू वळलास तो तुझ्या बाबांमुळे. शेतात कपाशीची पऱ्हाटी उपटताना काडी डोळ्यात गेली आणि बुबुळावर फूल पडलं. दुसऱ्या डोळ्याने आधीच कमी दिसायचं. मग कुठल्या तरी गेलेल्या माणसाचं बुबुळ त्यांना बसवलं. कोणाचं ते सांगत नाहीत, तसा नियमच आहे. पण बाबा पुन्हा पेपर वाचायला लागले, आणि मोठ्याने वाचायला लागले, सगळी आळी वैतागली. ते गेल्यावर तू हे काम धरलंस. तुझ्यासारख्या बोलघेवड्याने निवडणुकीत कोणाचा तरी प्रचार केला असता, चार पैसे आणि पद मिळवलं असतं. ते तू केलं नाहीस. आपण कितीही भांडलो असू, त्यासाठी मी तुला कायम मानत आले. तोंडावर कधी म्हटलं नाही. तुला म्हटलं असतं तर तू ते पुढच्या भाषणात वापरलं असतंस.

आणि आपलं भांडण तेच होतं. आता तू फक्त खरं सांगायचास. म्हणजे खऱ्या माणसांचं. नांदुऱ्याच्या शाळेतला तो कार्यक्रम मला आजही जसाच्या तसा आठवतो. तू एका बाईची गोष्ट सांगत होतास. नवरा तरणाताठा गेला, लहान लेकरू मांडीवर, आणि तिने दारात उभं राहून म्हटलं, "दादा, घ्या, माह्या माणसाचे डोळे तरी जगू द्या." लोक रडायला लागले. तू नाव घेतलं नव्हतंस, गावही नाही. आणि तिसऱ्या रांगेतून एक बाई उठली, लेकराचा हात धरला आणि भिंतीभिंतीने बाहेर निघून गेली. ती तीच होती. नंतर मला तिच्या भावजयीने सांगितलं की त्या दिवशी ती दारात उभी वगैरे काही नव्हती, काही बोललीही नव्हती. तिने नुसती मान हलवली होती.

कार्यक्रम संपल्यावर बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर मी तुला फैलावर घेतलं. तू म्हणालास, "नाव घेतलं काय मी?"

"तिला कळायला नाव घ्यावं लागते काय? तिचंच मरण होतं ते!"

"आज कितीक लोकाइनं फॉर्म भरले ते पाह्यलं का नाही तू? नुसते आकडे सांगून माणूस हलत नाही, सुजाता. माणूस माणसानं हलते."

"मग तिला आधी विचार."

"इचारत बसलो तं भाषणच होणार नाही."

तेव्हा मी विचारलं, तुझ्या बाबांची गोष्ट तू का सांगत नाहीस? घरची, खरी, कोणाला विचारायला नको. एवढ्या सभा झाल्या, एकदाही नाही. त्यावर तू चहाचा कप ठेवलास, पैसे दिलेस आणि गाडीला किक मारलीस. महिनाभर फोन नाही. मग एकदा "पारदर्शक पटल म्हणू का नुसतं बुबुळ म्हणू?" असं विचारायला फोन केलास, आणि मी "बुबुळ म्हण, बाबा" म्हटलं, आणि झालं. पण त्या प्रश्नाचं उत्तर तू दिलं नाहीस. नंतर मीही विचारलं नाही. वाटलं, आहे की वेळ.

त्या सकाळी नारायणचा फोन आला तेव्हा मी वर्गावर निघाले होते. दुकानात पोती लावता लावता तू छाती धरून खाली बसलास म्हणे. त्याने गाडीत घालून खामगावला आणलं, तुझी आई, काकूही तशाच घरच्या लुगड्यावर सोबत आल्या. मी दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. तुला ओळखत नाही असा डॉक्टर या भागात नाही. ते म्हणाले, "मॅडम, डोळ्यांचं काय? काही तासांतच व्हायला पाहिजे. आणि जवळच्या नातेवाइकाची सही लागेल."

तुझी इच्छा साऱ्या जिल्ह्याला माहीत होती. पण सही तुझी चालत नाही, मागे उरलेल्याची लागते. हे तूच शेकडो लोकांना सांगायचास, घरी सांगून ठेवा म्हणायचास. लग्न तू केलं नाहीस. म्हणजे सही काकूंची. नारायणने हात जोडले, "मॅडम, मोठ्या मायशी बोलाची माही हिंमत नाही. तुम्हीच बोला."

काकू व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मी शेजारी बसले. भास्कर, मी जन्मात कधी कोणाला हे विचारलं नव्हतं. उलट तुला नावं ठेवली होती, की लोक रडत असताना तू हात पुढे करतोस, त्यांना धड विचारही करता येत नाही अशा वेळी. आणि आता माझ्या हातात वेळ नव्हता, समोर तुझी आई होती, आणि तोंडात तुझीच वाक्यं येत होती. दुसरी कुठून आणू?

"काकू," मी म्हटलं, "तुम्हाला वाटत असेल, आधीच लेक गेला, त्यात त्याच्या देहाला आणखी हात कशाला..."

काकूंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "हे त्याचं हाये," म्हणाल्या. "आधी लोकाइच्या मनातलं आपणच बोलून टाकाचं."

मी गडबडले. तरी पुढे रेटलं. "काकू, मी तुम्हाला एकच विचारते..." आणि थांबले. खरंच सांगते, मुद्दाम नाही थांबले.

"अन् इथं तो थांबे," काकू म्हणाल्या. "मी दाळ निवडत बसो अन् तो माह्यापुढं बोलून पाहे. मले सारं पाठ हाये, बाई. तुह्यं काय असंन ते सांग."

माझं काय होतं? माझ्याकडे काहीच नव्हतं. एवढी वर्षं पोरांना मुद्दा कसा मांडायचा ते शिकवते आणि माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. मी म्हटलं, "काकू, मले काही सुचून नाही राह्यलं. मले तो पाहिजे होता," आणि मला रडू कोसळलं. मी काकूंचा हात धरून ओक्साबोक्शी रडले. त्याच मला थोपटायला लागल्या. तू म्हणशील, यापेक्षा चांगलं तुला तरी काय जमलं असतं! मी मुद्दाम रडले नाही, भास्कर. पण त्याने काम झालं, हेही खरं आहे. आपण ते भांडण केलं असतं तर तू जिंकला असतास.

माझं रडू ओसरल्यावर काकू म्हणाल्या, "दुनियेले इचारलं त्यानं. मले नाही इचारलं कधी."

मग म्हणाल्या, "त्याच्या बाबाले ज्यानं डोया देला, त्याच्या घरी बी कोणी माय असंन, नाहीतं बायको असंन. तिचं नाव आपल्याले मालूम नाही. तिनं कुठं सांगतलं नाही. देलं अन् घरी गेली. म्हणून भास्करले मी म्हटलं होतं, बाबाचं माइकवर नको. त्यानं आयकलं माह्यं."

हे तुझं उत्तर. टपरीवर दिलं असतंस तर मी तुझ्यावर महिनाभर रागावले नसते.

"बोलाव त्याइले," काकू म्हणाल्या. "कुठं करा लागते सही? पण एक गोष्ट आयक. हे कोणाले सांगाचं नाही. डाक्तर काढतीन तेवढं बस झालं. स्मशानात माइकवर कोणी माह्या लेकाचे डोये काढू नये."

मी शब्द दिला. नारायणनेही दिला. नर्सने पंखा बंद केला, तुझ्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली उशी दिली. पथक आलं, दार लोटलं, आणि चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात त्यांचं झालंही. काकू आत गेल्या, तुझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तसाच दिसते." मग तुला गाडीत घालून वडनेरला आणलं. गावात कोणाला काही कळलं नाही.

आता बघ माझी काय गत झाली. ज्या शेडखाली तू जन्मभर दुसऱ्यांची उदाहरणं दिलीस, तिथे मी उभी. हातात माइक. समोर अख्खं गाव, शिवाय नांदुरा, खामगाव, जळंबचे लोक. आणि माझ्याकडे असं उदाहरण की तू त्याच्यासाठी दहा आज्या मारल्या असत्यास. म्हाताऱ्या आईने एकुलत्या एका लेकाचे डोळे दिले. एवढंच वाक्य म्हटलं असतं तर शेडमधला एक माणूस कोरडा राहिला नसता. आणि मी शब्द देऊन बसले होते.

पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालंच, "मॅडम, डोळ्याचं सांगा." नारायण चितेकडे पाहायला लागला. मी तुझ्या आजीची गोष्ट सांगितली. बैलगाडी, मांत्रिक, लाडवांचा डबा, सरांचा प्रश्न, सगळं. लोक हसले. स्मशानात हसले, आणि मग हसलो म्हणून ओशाळले. "भास्कर माझा विरोधी होता आणि त्याच्याशिवाय मला बोलता येत नाही," म्हटलं आणि माइक ठेवला. मागे वळले तर कानावर आलं, कोणीतरी हलक्या आवाजात म्हणत होतं, "दुनियेचे डोये मांगत फिरला अन् सोताचे नाही देले, लेका."

 असा संताप आला होता, सांगता येत नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुझा हार घातलेला फोटो, खाली हात जोडलेल्यांची रांग, आणि मधेच एकाने विचारलेलं, "नेत्रदान झाले का?" मी "हो" टाइप केलं, पुसलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. मग दवाखान्यातल्या त्याच डॉक्टरांचा फोन आला. संग्रामपूरकडचं एक कुटुंब म्हातारबाबांचे डोळे द्यायला तयार झालं होतं. पथक निघणार, तेवढ्यात त्यांच्यातला एक जण म्हणाला, "भास्करभाऊचेच नाही देले म्हणते, मंग आपण काऊन द्यावं?" आणि सगळ्यांनी माना फिरवल्या. डॉक्टर बिचारे म्हणाले, "मॅडम, मलाही बोलता येत नाही, घरच्यांनी नको म्हटलंय. तुम्ही काही करा."

म्हणजे तुझं नाव तर गेलंच होतं, आता कामही जायला लागलं. तू म्हणायचास ना, भाषणातलं सगळं विसरलं तरी चालते, कोण बोलून राह्यलं ते लोक विसरत नाहीत. माणसावरचा भरवसा उडाला की शब्दाला कोण विचारतं? मी त्याच रविवारी वडनेरला गेले. काकूंना सांगणार होते, की मला शब्दातून मोकळं करा. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. काकू ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मीही बसले, टोपलंभर शेंगा फोडल्या, चहा प्यायले आणि परत आले. विचारलं नाही. तू असतास तर विचारलं असतंस, त्यांनी नाही म्हटलं असतं तर पुन्हा विचारलं असतंस. मला वाटलं, त्यांचं आहे, त्यांनीच ठरवावं. तू यावर मला भित्री म्हणशील. म्हण.

मग तुझी तेरवी. अंगणात मांडव, ताडपत्रीवर पंगत, वांग्याची भाजी, वरण, भात, पोळ्या, बुंदी. तुझ्या दुकानाची सगळी गिऱ्हाइकं आली होती. त्यातला एक, नाव लिहीत नाही, कारण माणूस वाईट नाही, फक्त त्याला हळू बोलता येत नाही. तो वरणाची वाटी पुढे करत शेजाऱ्याला म्हणाला, "बोलाले एक नंबर होता भास्करभाऊ. पण कराची पाळी आली तवा घरचे मांगं सरले." शेजारी म्हणाला, "तं मंग! सारं भाषणापुरतं."

काकू दारात उभ्या होत्या. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. आत जातील असंही वाटलं. त्या उंबऱ्यावरून खाली उतरल्या आणि पंगतीच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी माइक नव्हता. आवाजही त्यांनी चढवला नाही.

"कोण म्हणते नाही देले?" काकू म्हणाल्या. "देले. म्या देले. सही माही हाये. तुमाले सांगाचं नोतं म्हणून नाही सांगतलं. जेवा आता, भाजी थंडी होऊन राह्यली."

आणि वळून परत ओसरीवर आल्या.

वाढणारे थांबले होते. नारायण बुंदीची परात घेऊन तसाच उभा, आणि त्याच्या डोळ्यांना धारा. तो वाटीवाला माणूस मान खाली घालून बसला, मग हळूच भात कालवायला लागला, आणि मग सगळे जेवायला लागले. त्या दिवशी कोणी फॉर्म मागितला नाही. ती सभा नव्हतीच. फक्त हात धुवायला उठताना प्रत्येक जण ओसरीशी थांबून काकूंच्या पाया पडून जात होता, तो वाटीवालासुद्धा. मला तुझी फार आठवण आली, भास्कर. इतकी आली की तिथे बसवेना. सुरुवात नाही, गोष्ट नाही, थांबणं नाही, लोकांच्या मनातलं आधी बोलणं नाही, आणि तरी हलला नाही असा एक माणूस नाही. आपण दोघांनी हे ऐकून परतीच्या एसटीत किती बोललो असतो!

पंगती उठल्यावर काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. पदराने हात पुसत म्हणाल्या, "बराबर झालं काय वं?"

मी म्हटलं, "काकू, तुम्हीच नको म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतं. पण बाबाले डोया देला त्या बाईच्या माणसाले कोणी खोटं नाही म्हटलं. माह्या लेकाले म्हणून राह्यले. मंग मी काऊन चूप बसू? आता तुले लिहाचं असंन तं लिह्य. पण जसं झालं तसं लिह्य, त्याच्यावाणी मीठमिरची नको लावू."

नाही लावली. जसं झालं तसंच लिहिलं आहे.

मी निघाले तेव्हा काकू फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "तू अजून बोलत असतं काय त्याच्याशी? मनात?"

मी म्हटलं, "बोलते. भांडतेच जास्त."

"मंग त्याले सांग. मले इचारलं असतं तं मी तवाच हो म्हटलं असतं. साऱ्या जिल्ह्यापुढं बोले तो, अन् मायले एवढं इचाराले भ्याला."